एस्तरक्काची न्याहारी

समस्त भालकीकरांना, तसेच उदगीर, बिदर आणि बसवकल्याणकडच्या ज्या मंडळींना या विषयात रस असेल त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नाताळच्या सकाळी माणसाने काय खावे या प्रश्नाचा कायमचा निकाल लागलेला आहे. सुशीला खावा. सोबत मिरचीची भजी घ्यावी, गरम असताना घ्यावी, आणि शेवटी केकचा एक तुकडा खाऊन पाणी प्यावे. या निकालावर अपील नाही. निकाल देणारी व्यक्ती आता हयात नाही. पण हयात असतानाही तिच्या निकालावर अपील करायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे परिस्थितीत फारसा फरक पडलेला नाही.

ही व्यक्ती म्हणजे आमच्या बसस्टँडामागच्या गल्लीतली एस्तरक्का. दवाखान्यात नर्स होती. उंच, काटक, पांढऱ्या साडीला कडक इस्त्री, आणि मनगटावरचं घड्याळ नेहमी तळव्याच्या बाजूला वळवलेलं. कुणाशीही बोलताना ती आधी त्या घड्याळाकडे बघायची. समोरच्याला उगीचच आपली नाडी मोजली जायलीय असं वाटून तो सरळ उभा राहायचा. देवाशी ती कन्नडमधून बोलायची, रिक्षावाल्याशी दखनीतून आणि आमच्या घराशी मराठीतून. भांडायला मात्र तिन्ही वापरायची, आणि कुठली भाषा कुठे संपली ते ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर समजायचं.

नवरा लवकर गेला होता. रेचल ही एकच लेक, ती लग्न होऊन हैदराबादला. घरात माणूस एक, पण नाताळच्या सकाळी त्या घरात अख्खी गल्ली मावायची.

तिच्या न्याहारीचे कायदे होते. पहिला कायदा, चर्चमधून ती परत येईपर्यंत ओसरीवर पाय ठेवायचा नाही. दुसरा, घरून चहा पिऊन यायचं नाही. पिऊन आलेला माणूस भजी कमी खातो आणि ते तिला तोंडाच्या वासावरून कळायचं. तिसरा आणि सगळ्यांत कडक कायदा, आपापली थाळी आपण आणायची. यामागे काही तत्त्वज्ञान नव्हतं. तिच्याकडे थाळ्या चारच होत्या आणि गल्लीत माणसं भरपूर. आमचं भांड्यांचं दुकान असल्यामुळे गल्लीतल्या बहुतेक थाळ्या आमच्याकडच्याच, त्यावर कोरलेली नावंही आमच्या मशीनची. कुणाच्या थाळीवर सासूचं नाव, कुणाच्या थाळीवर लग्नात आहेर देणाऱ्या मामाचं. पंगत बसली की मतदारांची यादी वाचावी तसं वाटायचं.

एका वर्षी बँकेत नवीन मॅनेजर आले होते, म्हैसूरकडचे. कुणीतरी त्यांना आमंत्रण दिलं, पण कायदे सांगितले नाहीत. बिचारे कोट घालून, हातात फुलांचा गुच्छ घेऊन आले. एस्तरक्काने गुच्छ घेतला, वास घेतला, छान आहे म्हणाली, आणि विचारलं, थाळी कुठंय? त्यांना वाटलं, आपल्याला पूजेची थाळी आणायची होती. समजावून सांगितल्यावर ते कोटासकट घरी परत गेले आणि थाळी घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी सुशीला तीनदा मागून घेतला. पुढे बदली होऊन गेले तरी नाताळला त्यांचा फोन यायचा, आणि तो कसा आहात हे विचारायच्या आधी भजीला मिरची कुठली आणली ते विचारायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेले चुरमुरे फोडणीत परतायचे. त्यात कांदा, हिरवी मिरची, हळद, शेंगदाणे, फुटाण्याच्या डाळीचं पीठ आणि वरून लिंबू. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या बायकोने लग्नानंतर पहिल्या नाताळी ते बघितलं आणि घरी येऊन करून पाहिलं. जे झालं त्याला चुरमुऱ्याची खिचडी म्हणता आलं असतं, पण खिचडीने हरकत घेतली असती. एस्तरक्का म्हणायची, चुरमुरे पाण्यात घातल्यावर बाईने दुसरीकडे बघायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

केकची गोष्ट आणखी निराळी. तो ओव्हनमध्ये व्हायचा नाही. मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं पातेलं, त्यात मांजरा नदीची चाळलेली वाळू, वाळूवर डबा, वर झाकण, आणि झाकणावर पुन्हा निखारे. रवा, गूळ, दही, तूप आणि भरपूर वेलदोडा. गल्लीत बरेचसे शाकाहारी, म्हणून अंड्याचं नाव नाही. तिचे स्वतःचे पाहुणे दुपारी यायचे, त्यांच्यासाठी मटणाची बिर्याणी मागच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, गल्ली जेवून घरी गेल्यावर. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, केकला शेवटपर्यंत भाजलेला शिराच म्हणत राहिले. पण दोन तुकडे खाऊन म्हणायचे, हे खरं.

आता तिच्या स्वभावातली मोठी अडचण सांगायला हवी. एस्तरक्काला खोटं बोलता येत नव्हतं. बोलायचं नाही असा काही निश्चय वगैरे नव्हता. येतच नव्हतं, जसं काही माणसांना पोहता येत नाही. दवाखान्यात इतर नर्सा पोरांना सांगायच्या, मुंगी चावल्यासारखं होईल. एस्तरक्का सुई वर धरून सांगायची, ‘‘दुखनार हाय. चांगलं दुखनार हाय. रडायचं आसल तर आत्ताच रडून घे, मग हलायचं न्हाई.’’ गंमत म्हणजे पोरं तिच्याकडेच जायची. दुखून झाल्यावर ती म्हणायची, आता दुखणार नाही; आणि ते त्यांना खरं वाटायचं.

या अडचणीचा फटका मला थेट बसला आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील भालकीत आले आणि रीतीप्रमाणे शेजारीपाजारी चौकशी करायला निघाले. पहिलंच दार एस्तरक्काचं. आमच्या घरात हे कळल्यावर अप्पा देवघरात जाऊन बसले. तिने पाहुण्यांना चहा दिला आणि सांगितलं, पोरगा मनाने चांगला आहे, व्यसन नाही, आईबापाला उलट बोलत नाही. सकाळी उठवल्याशिवाय उठत नाही. गणितात दोनदा नापास झालाय, म्हणून गल्ल्यावर बाप बसतो. आणि बोलायला लागला की थांबत नाही, तेवढं तुमच्या मुलीला आधी सांगून ठेवा.

सासरे बाहेर आले ते थेट आमच्याकडे, आणि म्हणाले, पोरगी दिली. ज्या घराचे शेजारी इतकं खरं बोलतात, त्या घरात लपवायला काही उरलेलं नसणार, असा त्यांचा हिशेब. बायकोचं म्हणणं आहे की एस्तरक्काने तिला शेवटच्या मुद्द्याची तीव्रता नीट सांगितली नाही.

इतकं सगळं असून एस्तरक्काच्या न्याहारीत एक जागा दर वर्षी रिकामी राहायची. ती आमच्या अव्वाची, म्हणजे माझ्या आईची.

अव्वा आणि एस्तरक्का यांचं मेतकूट साऱ्या गल्लीला माहीत. दुपारी आमच्या दारच्या कट्ट्यावर दोघी बसायच्या. अव्वा तुरीच्या शेंगा सोलायची, एस्तरक्का पेपर वाचून दाखवायची, आणि बातमी कुणाचीही असो, दोघी मिळून त्या माणसाला फैलावर घ्यायच्या. अव्वाला शुगर झाल्यापासून रोज सकाळी सुई द्यायला एस्तरक्काच यायची. रिटायर झाली तरी येत राहिली.

पण अव्वाने कधीकाळी मठात स्वामींपुढे नेम घेतलेला, फक्त स्वतःच्या हातचंच खायचं. आमच्या पंथात खरं म्हणजे असलं सोवळंओवळं बसतच नाही, आणि हे तिला अप्पांनी संतांच्या वचनांचे दाखले देऊन कितीदा सांगितलं. ती म्हणायची, तुमचं खरं हाय, पन माझा नेम हाय. सख्ख्या भावाच्या लग्नात तिने फडक्यात बांधून नेलेली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली होती. त्यामुळे नाताळच्या सकाळी ती स्वतः दारापर्यंत जायची, एस्तरक्काच्या दोन्ही हातांना हात लावून सणाचं ‘चांगलं’ म्हणायची, दारातूनच पंगत बघायची आणि परत यायची. तिच्या नावाची थाळी भरून घरी यायची, ती मी खायचो.

एस्तरक्का यावर हसायची. ‘‘नीलक्काला माझ्या हातची सुई चालती, च्या चालत न्हाई,’’ असं सगळ्यांदेखत म्हणायची आणि अव्वाही हसायची. वर्षानुवर्षं हा विनोद चालला. मला वाटायचं, हा विनोदच आहे.

एकदा मात्र थाळी माझ्या हातात देताना ती घड्याळाकडे न बघता म्हणाली, ‘‘शिवू, मठातला परसाद खातेत की तुझी अव्वा.’’

मठातला परसाद काही अव्वा स्वतः करत नव्हती. एवढं म्हणून ती भजी तळायला गेली. पण तेव्हा मला कळलं की तिला हवं आहे ते एवढंच आहे आणि ते मागून मिळण्यासारखं नाही.

मग ते वर्ष आलं. एस्तरक्काचे गुडघे थकले, आणि रेचलने आईला हैदराबादला न्यायचं ठरवलं. घर द्यायचंही ठरलं. म्हणजे भालकीतला तिचा हा शेवटचा नाताळ. आणि त्या वर्षी येळवस बरोब्बर नाताळच्या आदल्या दिवशी आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या या पट्ट्यात त्या दिवशी गावात कुत्रं सापडायचं नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे बाहेरच्या पाहुण्यांना दर वर्षी सांगावं लागतं. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, चुका, जे जे शेतात हिरवं दिसेल ते सगळं चिंच आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं. बरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली अंबील. ज्यांना शेत नाही त्यांच्या घरी शेतवाल्यांनी भज्जीचा डबा पाठवायचा, ही रीत. एस्तरक्काला शेत नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी तिच्या घरी डब्यांची रीघ लागायची. आणि भज्जीचा खरा मान तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर मुरलेली भज्जी गरम करून, शिळ्या उंड्याबरोबर. नाताळच्या न्याहारीत यंदा सुशीलाबरोबर भज्जी असणार हे उघडच होतं.

येळवसच्या दोन दिवस आधी कट्ट्यावर एस्तरक्काने अव्वापुढे प्रस्ताव ठेवला. मी तिथेच वजनकाटा पुसत होतो, म्हणून सगळं ऐकलं. ती म्हणाली, नीलक्का, तुमचा भज्जीचा डबा येईल तो मी उघडणारच नाही. तसाच ठेवते. सकाळी तुमच्या डब्यातच गरम करते, तुमच्या थाळीत वाढते. हात तुमचा, डबा तुमचा, थाळी तुमची. माझी नुसती फरशी.

अव्वाने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, ‘‘फरशीचं काय, पुसून घे म्हंजे झालं.’’

एस्तरक्का तिथून उठली ती गुडघे विसरून उठली. संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी लागली. अप्पा असते तर त्यांनी नक्कीच पेढे वाटले असते.

नाताळची सकाळ उजाडली. थंडी अशी की ओसरीवर बसलेल्या माणसांच्या तोंडातून वाफ, आणि आतून भजीच्या तेलाचा वास. चर्चची मंडळी आली, चांगलं म्हणून झालं, थाळ्या घेऊन गल्ली बसली. अव्वा शेवटी आली. इरकली साडी, डोक्यावर पदर, हातात तिचं नाव कोरलेली थाळी. ती उंबरा ओलांडून आत आली तेव्हा पंगतीतले सगळे एकदम हवापाण्याविषयी बोलायला लागले, कारण तिच्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी आपापलं ठरवलेलं होतं.

एस्तरक्का बाहेर पास्टरांना निरोप देत होती. रेचल आदल्या दिवशीच हैदराबादहून आलेली, तिला या कराराचा पत्ता नव्हता. अव्वा पंगतीत बसली, थाळी पुढे केली, आणि रेचलने चुलीवरून आणलेल्या पातेल्यातून भज्जी वाढली, शेजारी उंडा ठेवला. अव्वाने डोळे मिटून हात जोडले आणि खायला सुरुवात केली.

एस्तरक्का दारात आली आणि तिथेच थांबली. मी तिला पन्नासेक वर्षं बघत आलो. तिचा चेहरा असा मऊ झालेला कधी पाहिला नव्हता. घड्याळ बघितलं नाही, काही नाही. मग भानावर येऊन, अव्वाला आणखी वाढावं म्हणून तिच्या डब्यासाठी आत गेली. भजीची परात उचलायला मीही मागोमाग गेलो.

आत ओट्यावर सात डबे ओळीने पालथे घातलेले होते. धुतलेले, पुसलेले, चकचकीत. आमच्याच दुकानातले, एका मापाचे. कडेचा अव्वाचा.

काय झालं होतं ते तिला आणि मला एकदमच कळलं. इतक्या येळवसांची सवय. डबा आला की ओतायचा, धुवायचा, पालथा घालायचा, काहीतरी भरून परत द्यायचा. पहाटे चर्चची घाई. मोठं पातेलं चुलीवर चढवलं, आणि हाताने वर्षानुवर्षं केलेलं काम मनाला न विचारता करून टाकलं. सात घरांची भज्जी एका पातेल्यात. कुणाची चुका जास्त घातलेली, कुणाची लसणाची, कुणाची जळकी. अव्वा बाहेर बसून ती खात होती.

एस्तरक्काने अव्वाचा रिकामा डबा उचलला. मी हळूच म्हटलं, अक्का, राहू दे. रेचलला ठाऊक नाही, अव्वाला ठाऊक नाही, आणि मी बोलणार नाही. म्हटलं तर हे खरंच होतं. एवढं एकच वाक्य गिळायचं होतं आणि तिला हवं होतं ते सगळं तिच्या फरशीवर बसलेलं होतं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘कामून गप बसू? नेम त्यांचा हाय, माझा न्हाई.’’

आणि डबा हातात घेऊन बाहेर गेली. अव्वासमोर उभी राहिली. गुडघे दुखत असूनही हळूहळू खाली बसली. हवापाण्याच्या गप्पा बंद पडल्या. मॅनेजरसाहेबांच्या जागी आलेले नवे मॅनेजर भजी तोंडाशी धरून थांबले.

‘‘नीलक्का, माझ्या हातनं चूक झाली,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा डबा मी बाजूला ठेवला न्हाई. सगळ्यांचं एकात वतलं. तुमी खायलात ते सगळ्या गल्लीचं हाय, आनि गरम केलंय मी. आता उठायचं आसल तर उठा. मी काई म्हननार न्हाई.’’

डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता. पांढऱ्या साडीवर भज्जीचा एक हिरवा डाग पडलेला होता आणि तिने तो पाहिलेला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर ती अजूनही तशीच बसलेली आहे. दोन महिन्यांनी ती हैदराबादला गेली, सातव्या मजल्यावर, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच वरच्या मजल्यावर गेली. तिथे तिने कुणाकुणाची पंचाईत केली असेल, ते तिथले जाणोत.

अव्वाने डब्याकडे पाहिलं. थाळीकडे पाहिलं. थाळीत अर्धा उंडा आणि थोडी भज्जी उरली होती. तिने उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला, तोंडात घातला आणि शांतपणे चावला. रेचलच्या हातातली पळी हवेतच होती. मग अव्वाने थाळी पुढे सरकवली आणि अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘‘तरीच म्हनलं, आज माझ्या हाताला येवढी चव कुठनं आली.’’